साखर एकच, गाठ वेगळी

सरदाचं भात कापून मळून झालं की पेडण्यापासून डिचोलीपर्यंत खळ्याखळ्यांवर दोन ढीग दिसतात. एक दाण्यांचा, दुसरा पेंढ्याचा. दाणे घरात जातात आणि उकड्या तांदळाची पेज होऊन आपल्या ताटलीत येतात. पेंढ्याची उडवी रचली जाते आणि तो वर्षभर गोठ्यात जातो. गाय तो खाऊन दूध देते. आपण मूठभर पेंढा चावून गिळला तर पोटदुखीशिवाय काही मिळणार नाही.

यात नवल काय, असं वाटेल. नवल हे, की दाण्यातलं पिष्ट आणि पेंढ्यातला सेल्युलोज हे दोन्ही एकाच पदार्थाचे बनलेले आहेत. तो पदार्थ म्हणजे ग्लुकोज. एकाच रोपाने, एकाच उन्हात, एकाच साखरेच्या दोन माळा ओवल्या. एक आपल्याला पचते, दुसरी पचत नाही. फरक आहे तो मणी जोडणाऱ्या गाठीत.

ही गाठ फक्त पोटाला ओळखता येते असं नाही, विषाणूलाही येते. फ्लू माणसाला धरतो की कोंबडीला, हे ठरवण्यात तिचा मोठा हात आहे. विषाणूवरची कित्येक औषधंही मुळात साखरेशी केलेली लबाडी आहेत. ती लबाडी कशी चालते ते पाहायचं, तर आधी ग्लुकोजकडे जरा निरखून बघायला हवं.

सहा जणींचा फेर

चवथीतली फुगडी डोळ्यांसमोर आणा. सहा जणींचा फेर आहे. पाच जणी कार्बन, सहावी ऑक्सिजन. कार्बनला चार हात असतात. दोन हात शेजारणींच्या हातात गुंतलेले, तिसऱ्यात एक हायड्रोजन. चौथ्या हातात ऑक्सिजन आणि हायड्रोजनची जोडगोळी, म्हणजे ओएच. त्या जोडगोळीला आपण तांब्या म्हणू. फेरातल्या चार जणींकडे असा तांब्या आहे. पाचवीकडे त्याऐवजी कडेवर एक पोर आहे. तो ग्लुकोजचा सहावा कार्बन, आणि तांब्या त्या पोराच्या हातात.

कुणी तांब्या वर उचलून धरला आहे, कुणी खाली. ग्लुकोजची ओळख या वर-खालीवर ठरते. चौथीने आपला तांब्या खालून वर नेला की ती साखर ग्लुकोज राहत नाही, दुधातली गॅलॅक्टोज होते. दुसरीने बाजू बदलली की मॅनोज. तिघींचं सूत्र एकच: सहा कार्बन, बारा हायड्रोजन, सहा ऑक्सिजन. तराजूवर टाकल्या तर तिघींचं वजन सारखं भरेल.

आता एका फेराचा दुसऱ्याशी सांधा. पहिलीने तांब्या खाली धरून पुढच्या फेरातल्या चौथीशी गाठ मारली तर तिला अल्फा गाठ म्हणतात. अशी माळ वळत जाते, जिन्यासारखी गोल फिरते. हे झालं पिष्ट. पेजेच्या वाटीत टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकला की काळपट निळा रंग येतो, तो आयोडीन या गोल जिन्याच्या पोकळीत जाऊन बसल्यामुळे. पहिलीने तांब्या वर धरून गाठ मारली तर ती बीटा. तेव्हा प्रत्येक पुढचा फेर उलटा बसतो, माळ सरळसोट होते, आणि अशा माळा एकमेकींना चिकटून दोरखंडासारख्या घट्ट होतात. पेंढा, कापूस, लाकूड सगळं यातूनच.

आपल्या लाळेतलं विकर (पदार्थ तोडणारं किंवा जोडणारं प्रथिन) फक्त अल्फा गाठ सोडवतं. बीटा गाठ गाईलाही सोडवता येत नाही. तिच्या पोटातले सूक्ष्मजीव ते काम करतात आणि श्रेय गाय घेते.

रक्तातला एक मणी

प्रथिनाची माळ ओवणं त्या मानाने सोपं आहे. तीन वेगळी अमिनो आम्लं घेतली तर त्यांचे क्रम सहाच होतात. तीन वेगळ्या साखरा घेतल्या, तर कुठल्या तांब्याशी गाठ मारायची आणि वरून की खालून, याचे पर्याय इतके वाढतात की हिशेब १,०५६ पासून २७,६४८ पर्यंत जातो. थोडक्यात सांगायचं तर साखर ही लिपी आहे, आणि आपल्या प्रत्येक पेशीच्या अंगावर ती लिहिलेली आहे. पेशीच्या आवरणातून साखरेच्या फांद्या बाहेर डोकावत असतात.

रक्तगट म्हणजे याच फांद्यांची टोकं. टोकाला गॅलॅक्टोज असेल तर बी गट, त्याच गॅलॅक्टोजला एक छोटी शेपटी जोडलेली असेल तर ए, हा शेवटचा मणीच नसेल तर ओ. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांना असं रक्त सापडलं जे ओ गटाशीही जुळेना. त्यात ए आणि बीच्या खालचा, पायाचा एक मणी गायब होता. फ्युकोज नावाची साखर. ‘बॉम्बे रक्तगट’ या नावाने जग त्याला ओळखतं. एका साखरेच्या अभावी त्या माणसाला ओ गटाचं रक्तसुद्धा देता येत नाही, हे वाचलं की साखर म्हणजे चहातला चमचा ही आपली समजूत किती तोकडी आहे ते कळतं.

नवापूरच्या कोंबड्या

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला एच५एन१ हा बर्ड फ्लू आला. भारतातली ती पहिली साथ. कोंबड्या पटापट मेल्या, उरलेल्या मारून पुरल्या गेल्या. हे काम करणाऱ्या माणसांना मात्र त्या साथीत बर्ड फ्लू झाल्याचं आढळलं नाही. भारतात माणसाला एच५एन१ झाल्याची पहिली नोंद त्यानंतर पंधरा वर्षांनी, २०२१ मध्ये झाली.

फ्लूचा विषाणू पेशीवर उतरतो तो एका विशिष्ट साखरेला धरून. तिचं नाव सियालिक आम्ल. ‘सियालॉन’ म्हणजे ग्रीकमध्ये लाळ. १९३६ साली स्वीडनच्या गुनार ब्लिक्स यांनी ती लाळेतल्या चिकट पदार्थातून वेगळी केली, म्हणून हे नाव. पेशीवरच्या साखरेच्या फांदीला अगदी टोकाशी ही बसलेली असते. माणसाच्या नाका-घशात ती खालच्या गॅलॅक्टोजच्या सहाव्या कार्बनला बांधलेली असते, पक्ष्यांच्या आतड्यात तिसऱ्या कार्बनला. साखर तीच, खालची गॅलॅक्टोजही तीच. तिसऱ्याला गाठ मारली तर फांदी ताठ राहते, सहाव्याला मारली तर वाकते. पक्ष्यांच्या विषाणूचा पंजा ताठ फांदीला सरावलेला असतो, माणसांच्या विषाणूचा वाकलेल्या.

माणसात तिसऱ्या कार्बनची गाठ अजिबात नसते असं नाही. ती फुप्फुसाच्या तळाशी असते. म्हणून बर्ड फ्लू माणसाला सहजी होत नाही, झाला तर खोलवर होतो आणि जिवावर बेततो. खोल बसलेला विषाणू शिंकेवाटे फारसा बाहेर पडत नाही, त्यामुळे एकाचा दुसऱ्याला जाणंही अवघड. माणूस आणि कोंबडी यांच्यामधली ही एकमेव भिंत नाही, पण पहिली नक्कीच आहे.

एका पंजाची पकड कमजोर असते. काजूच्या बागेत फिरून आल्यावर कपड्यांना चिकटलेलं एखादं कुसळ झटकलं की पडतं, पण दोनशे कुसळं चिकटली तर कपडा सोडवता सोडवता संध्याकाळ होते. विषाणूच्या अंगावर असे शेकडो पंजे असतात.

> एच आणि एन
> एच१एन१, एच५एन१ या नावांतला ‘एच’ म्हणजे हिमॅग्लुटिनिन, साखरेला धरणारा पंजा. १९४१ साली जॉर्ज हर्स्ट यांना दिसलं की फ्लूचा विषाणू कोंबडीच्या तांबड्या पेशींना एकत्र चिकटवतो आणि काही वेळाने सोडूनही देतो. सोडणारा तो ‘एन’, न्युरामिनिडेज. हे विकर सियालिक आम्लाची गाठ तोडतं. आकडे आहेत ते पंजाच्या आणि विकराच्या वाणांचे.

दगडी सुपारी

विषाणूला तोडायची गरज का पडावी? कारण पेशीत शिरून तो हजारोंनी वाढतो, आणि नवे विषाणू बाहेर पडताना त्याच साखरेला चिकटून बसतात. सुटका करून घ्यायला त्यांना अडकित्ता लागतो. तो अडकित्ता म्हणजे न्युरामिनिडेज. अडकित्ता बंद पाडला की पोरं दारातच अडकली.

सुपारी पात्यांत धरल्यावर सगळ्यात जास्त जोर कधी लागतो? फुटण्याच्या क्षणी. विकराचंही तसंच. गाठ तुटण्याच्या ऐन क्षणी सियालिक आम्लाचा फेर जरासा चपटा होतो, आणि त्या चपट्या रूपाला विकर सर्वांत घट्ट धरतं. तेव्हा कायम चपटीच राहील आणि कधी फुटणार नाही अशी दगडी सुपारी बनवली तर? १९६९ मध्ये असा एक रेणू तयार झाला. तो परीक्षानळीत चालला, पण औषध म्हणून कमी पडला.

१९८३ साली ऑस्ट्रेलियात पीटर कोलमन आणि सहकाऱ्यांनी या अडकित्त्याचा अणू अणू टिपलेला आराखडा काढला. त्यात दिसलं की चौथ्या कार्बनचा तांब्या जिथे येतो, त्याच्या भोवती रिकामी जागा आहे आणि तिथे ऋण विद्युतभार आहे. मार्क फॉन इट्झस्टाइन यांच्या गटाने तो तांब्या काढून तिथे धनभार असलेला ग्वानिडिन नावाचा गुच्छ बसवला. पकड हजारो पटींनी वाढली. १९९३ मध्ये हे संशोधन छापून आलं आणि १९९९ मध्ये झानामिव्हिर बाजारात आलं.

त्याची एक पंचाईत होती. साखरेला पाणी आवडतं आणि आतड्याच्या पडद्यात तेल. पोटातून ते रक्तात जाईना, म्हणून पूड करून श्वासावाटे ओढावं लागतं. दुसऱ्या एका गटाने मग साखरेचं साखरपण आणखी घटवलं. फेरातला ऑक्सिजन काढून तिथेही कार्बन बसवला, बाजूला तेलकट शेपटी लावली, आणि गोळी तयार झाली. ती ओसेल्टामिव्हिर, म्हणजे टॅमिफ्लू. २००९ मध्ये स्वाइन फ्लूच्या काळात हे नाव पुण्यात रिक्षावाल्यांनाही पाठ होतं.

तिचा कच्चा माल शिकिमिक आम्ल, आणि ते मिळतं चक्रीफुलातून. शाकुतीच्या मसाल्यात आपण घालतो त्याच चक्रीफुलातून. (शाकुती खाऊन फ्लू बरा होत नाही. कारखान्यात त्या आम्लावर बऱ्याच क्रिया झाल्यावर औषध बनतं. हे लिहावं लागतं, कारण असे निरोप फोनवर येत असतात.)

पुढची गोष्ट मला या सगळ्यात मोलाची वाटते. तेलकट शेपटी मावावी म्हणून अडकित्त्याला आपली एक कड थोडी सरकवावी लागते. विषाणूने नेमकी तिथेच एक बदल करून कड सरकणं बंद केलं, आणि २००७ ते २००९ या काळात नेहमीच्या एच१एन१चे ओसेल्टामिव्हिरला न जुमानणारे वाण जगभर पसरले. झानामिव्हिर त्यांच्यावरही चालत राहिलं. ते मूळ साखरेच्या अधिक जवळचं. त्याला नाकारायचं तर विषाणूला खऱ्या सुपारीलाही नाकारावं लागेल. औषध गिळायला सोयीचं केलं, त्या सोयीची किंमत अशी पडली. ही औषधं ताप आल्यापासून पहिल्या ४८ तासांत घेतली तरच नीट काम करतात, आणि निरोगी माणसाचं आजारपण सुमारे एका दिवसाने कमी करतात, हेही सांगायला हवं.

वळेसरातलं खोटं फूल

दुसरी लबाडी जुनी आहे. आपल्या जनुकांच्या माळेतही साखर असते, पाच कार्बनांची. विषाणूला आपली नक्कल काढायची तर ही माळ ओवावी लागते. अबोलीचा वळेसर गुंफताना एका फुलाला पुढचं फूल गुंतवायला देठच नसेल तर वळेसर तिथेच संपतो. १९५१ मध्ये वर्नर बर्गमन आणि रॉबर्ट फीनी यांनी कॅरिबियन समुद्रातल्या स्पंजातून वेगळीच साखर असलेले असे मणी काढून दाखवले आणि रसायनशास्त्रज्ञांना वाट दिसली. १९६४ मध्ये जेरोम हॉर्वित्झ यांनी कर्करोगासाठी बनवलेला एझेडटी हा त्यातलाच एक. त्याच्या साखरेवर पुढची गाठ मारायच्या जागी तांब्या नाही, तीन नायट्रोजनांचा तुकडा आहे. कर्करोगावर तो चालला नाही. १९८७ मध्ये तो एचआयव्हीवरचं पहिलं मान्य औषध ठरला.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत घडलेले आणि पुढे हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेचे संचालक झालेले ए. व्ही. रामाराव यांनी एझेडटी बनवण्याची रीत बसवली, आणि १९९३ मध्ये सिप्लाने ते भारतात आणलं. २००१ साली याच कंपनीने तीन औषधांचा मेळ वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला, तेव्हा आफ्रिकेतलं चित्र पालटायला सुरुवात झाली. कोविडच्या वेळी गाजलेलं रेमडेसिव्हिरही याच कुळातलं, साखर बदललेला मणी.

ग्लुकोजला काढलेली सोंगं

तिसऱ्या लबाडीचं काम आपल्याकडे पुण्यात झालं आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात प्रा. दिलीप ढवळे यांच्या गटाने वर्षानुवर्षं शोधनिबंध प्रसिद्ध केले ते इमिनोसाखरांवर. फुगडीच्या फेरातली ऑक्सिजनबाई काढून तिच्या जागी नायट्रोजनबाई उभी केली की इमिनोसाखर होते. निसर्गात ती तुतीच्या पानात आहे, ऑस्ट्रेलियातल्या एका झाडाच्या बियांतही आहे. शरीरात नायट्रोजन धनभार घेतो, आणि त्यामुळे हा रेणू तुटण्याच्या क्षणातल्या साखरेसारखा दिसू लागतो. पुन्हा तीच दगडी सुपारी, फक्त अडकित्ता वेगळा.

प्रयोगशाळेत ती बनवायची तर सुरुवात स्वस्त ग्लुकोजपासून करता येते. अडचण अशी, की ग्लुकोजला पाच तांबे आणि सगळे जवळजवळ सारखे. एकावर क्रिया करायला गेलं तर बाकीचेही मध्ये येतात. खिडकीला रंग देताना आपण काचेवर वर्तमानपत्र चिकटवतो, तसं रसायनशास्त्रज्ञ नको ते तांबे झाकून टाकतात. ग्लुकोजसाठी हे वर्तमानपत्र म्हणजे ॲसिटोन, नखांचा रंग पुसायच्या द्रवात असतं ते. ॲसिटोनचे दोन रेणू चार तांबे झाकतात आणि नेमका तिसरा उघडा ठेवतात. त्याच्यावर काम करायचं, मग एका बाजूचा कागद काढायचा, तिथे काम करायचं, मग दुसऱ्या बाजूचा. एकेका पायरीवर थोडा माल वाया जातो. आठ-दहा पायऱ्या उतरेपर्यंत हातात चिमूटभर उरतं, आणि ते चिमूटभर विकरासमोर ठेवून पाहायचं.

याचा विषाणूशी संबंध येतो तो असा. डेंग्यूचा विषाणू आपल्या अंगावरची प्रथिनं आपल्याच पेशीत बनवून घेतो. नव्या प्रथिनावर पेशी आधी १४ साखरांची एक फांदी लावते. तिच्या टोकाला तीन ग्लुकोज असतात. विकरं त्यातली दोन छाटतात, आणि एक उरली असताना तपासनीस प्रथिन माल हातात घेऊन घडी नीट पडली का ते बघतं. डिचोलीच्या कुंभाराने भट्टीतून काढलेलं मडकं बोटाने वाजवून बघावं तसं. इमिनोसाखर ती छाटणीच अडवते. माल तपासणीपर्यंत पोचत नाही, विषाणूचं कवच वेडंवाकडं होतं. इथे घाव विषाणूवर नाही, तो वापरतो त्या आपल्या यंत्रावर आहे, त्यामुळे विषाणूला रूप बदलून सुटणं कठीण जातं.

आपल्या प्रथिनांचं काय? त्यांनाही थोडा त्रास होतोच. शिवाय आतड्यात पिष्टाचे शेवटचे तुकडे करणारी विकरंही याच जातीची, त्यामुळे ही औषधं घेतली की जुलाब होतात. मिग्लिटॉल नावाच्या इमिनोसाखरेने तर तोच धागा पकडला: पिष्ट हळू पचलं तर मधुमेह्याच्या रक्तात साखर एकदम चढत नाही. ती गोळी दुकानात मिळते.

खडकावरचं शैवाल

हरमल-केरीच्या खडकांवर ओहोटीला लालसर शैवाल उघडं पडतं. अशा लाल शैवालांच्या अंगात गॅलॅक्टोजच्या लांब माळा असतात, आणि त्यातल्या काहींना गंधकाचे ऋणभारित तुकडे लटकलेले. आइस्क्रीम घट्ट करणारं कॅराजीनन हे त्यातलंच. आपल्या पेशींवरही अशाच गंधकी साखरेच्या माळा असतात. डेंग्यूचा विषाणू त्यांना धरतो हे १९९७ मध्ये दिसलं. मग शैवालाची साखर आमिष म्हणून पुढे करायची, विषाणू तिलाच चिकटून बसेल. ही कल्पना जुनी आहे, १९५८ साली अंड्यातल्या कोंबडीच्या गर्भांवर ती यशस्वीही झाली होती. माणसांत मात्र दक्षिण आफ्रिकेत ६,२०२ स्त्रियांवर कॅराजीननच्या जेलची चाचणी झाली आणि एचआयव्हीपासून संरक्षण मिळालं नाही, असं २००८ मध्ये जाहीर झालं. समुद्रातल्या अशा रसायनांचा शोध आपल्या दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतही अनेक वर्षं घेतला गेला.

काजूच्या बागेतला ताप

२०१५ मध्ये सत्तरीतल्या पाळी गावात माकडताप आला, काजूच्या हंगामात. पुढच्या वर्षी दोडामार्गातल्या केर गावात. डिचोलीची हद्द या दोन्ही तालुक्यांना लागून आहे. १९५७ साली शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडलेला हा विषाणू डेंग्यूच्याच घराण्यातला, फक्त डासाऐवजी गोचिडीतून येणारा. त्याला थेट अडवणारं औषध आजही नाही.

डेंग्यूवर इमिनोसाखरेची परीक्षा झाली आहे. सेल्गोसिव्हिर हे त्या ऑस्ट्रेलियन बियांतल्या रेणूपासून बनवलेलं औषध सिंगापुरात रुग्णांना दिलं गेलं, निष्कर्ष २०१४ मध्ये आले. ते सुरक्षित ठरलं, पण ताप लवकर उतरला नाही आणि रक्तातला विषाणूही लक्षणीय घटला नाही. उंदरांत ते छान चाललं होतं. उंदराला औषध कधी द्यायचं ते आपण ठरवतो. माणूस ताप आल्यावर येतो, आणि तोपर्यंत विषाणू शिखरावर पोचलेला असतो. रेणू बरोबर बसला तरी वेळ चुकते.

काजूच्या बागेत तर ती हमखास चुकते. दिवसभर बोंडं वेचून, कोळंब्यात रस काढून घरी आलेल्या माणसाचं अंग मोडून येतं तेव्हा तो ते उन्हावर ढकलतो. दोन दिवस पेज पितो. तिसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रात खाटेवर आडवा होतो, आणि डॉक्टरांच्या हातात असतं ते पाणी, क्षार आणि लक्ष. कधी त्याच्या उशाशी लटकणाऱ्या बाटलीवर पाच टक्के डेक्स्ट्रोज असं लिहिलेलं असतं. डेक्स्ट्रोज म्हणजे डी-ग्लुकोज. पुण्यातल्या त्या प्रयोगशाळेत ॲसिटोन ओतण्याआधी चंचुपात्रात असते ती हीच पांढरी पूड.